'होली ग्रेल'ला मराठीत काय म्हणाल?

होली ग्रेल म्हणजे युरोपच्या मध्ययुगीन कथांमधलं पवित्र भांडं, येशूने शेवटच्या भोजनात वापरलेलं मानतात ते. एक भाषांतर तपासतोय. त्यात 'भौतिकशास्त्राचा पवित्र चषक' असं आलंय. वाचताना डोळ्यांपुढे विश्वचषक उंचावणारा कप्तानच येतो. मराठी बायबलात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू 'प्याला' घेतो. मग 'पवित्र प्याला' चालेल?

– चालेल, पण ग्रेल मुळात प्याला नव्हताच. बाराव्या शतकाच्या अखेरीस क्रेतिएँ द त्र्वा या फ्रेंच कवीने 'पर्सिव्हल' काव्य लिहिलं. त्यातला 'ग्राल' म्हणजे पसरट, खोलगट ताट, श्रीमंतांच्या पंगतीत मासा वाढायचं. कवी मुद्दाम सांगतो की यात मासा नाही, प्रसादाची एकच भाकर आहे आणि म्हातारा राजा तेवढ्यावर जगतो. शेवटच्या भोजनाशी आणि येशूच्या रक्ताशी ते भांडं जोडलं रोबेर द बोरों या दुसऱ्या फ्रेंच कवीने, इ. स. १२००च्या सुमारास.

– म्हणजे 'पवित्र परात'! :)

– हसताय, पण इटलीतल्या जेनोआच्या कॅथेड्रलमधलं, ग्रेल मानलं गेलेलं 'साक्रो कातीनो' हे भांडं जवळपास तेच आहे. हिरवं, षट्कोनी, पसरट. शतकानुशतकं लोक त्याला अखंड पाचू समजत. नेपोलियनच्या काळात ते पॅरिसला नेलं, १८१६ साली परत आलं ते फुटून. पाचू कसला, काच निघाली! स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात मात्र ग्रेल मानलेला खरोखर प्याला आहे, अकीकाचा. १४३७पासून तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे.

– 'पात्र' का नको? नालासोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना दगडी पेटी सापडली. आत एकात एक करंडक: तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकात काय, तर मातीच्या भांड्याचे १३ बारके तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले ते. (करंडक म्हटलं की आपल्याला आता फक्त रणजी आठवतो, हे वेगळंच दुखणं.) 'पात्र' शब्दाला हे वजन आहे, चषकाला दारूचा वास.

– कथेसाठी 'पात्र' मान्य. पण मूळ प्रश्नातल्या वाक्यात भांडं हवंय कशाला? तिथे अर्थ आहे, सगळे ज्याच्या मागे लागलेत आणि कुणालाच गवसत नाही असं काहीतरी. सरळ 'परीस' लिहा. जर्मन कवी वोल्फ्राम फॉन एशेनबाखच्या काव्यात तर ग्रेल हा दगडच आहे.

– 'भौतिकशास्त्राचा परीस'. घेतला! कथेत मात्र 'ग्रेल' तसाच ठेवतो, पहिल्यांदा येईल तिथे 'पवित्र पात्र' जोडून.