हिरवी मिउरा लाल का केली?

धागाकर्ता: इटलीतल्या एका विक्रेत्याने लँबोर्गिनी मिउरा पी४०० एस ही जुनी स्पोर्ट्स कार विकायला काढली आहे. पूर्ण रिस्टोअर केलेली, पत्रा आरशासारखा. खाली वर्णनात लिहिलंय की कारखान्यातून निघाली तेव्हा गाडी हिरवी होती, आता लाल आहे. मुळात इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच तेल होतं, तेही आता वेगवेगळं केलंय; मला तेही खटकतं.

माझ्या मते रंग बदलला तर त्याला रिस्टोरेशन म्हणूच नये. मिउरा एकूण साडेसातशेच्या आसपासच बनल्या. १९६६ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला पहिली दाखवली ती नारिंगी होती, आणि तिचा आकार काढणारा बेर्तोने या डिझाइन कंपनीचा मार्चेल्लो गांदिनी तेव्हा २७ वर्षांचा होता. त्या हिरव्या-नारिंगी रंगांतच ते वय दिसतं. लाल गाडी बघायला फेरारी आहेच की!

रंगीला: अजिबात पटलं नाही. ज्याने वर्षानुवर्षं पैसे ओतले त्याने रंग निवडला तर बिघडलं काय? चासी नंबर, इंजिन नंबर जुळतायत ना? मग गाडी खरी. पुढच्या मालकाला हिरवी हवी असेल तर करून घेईल.

धागाकर्ता: "करून घेईल" इतकं सोपं नाही ते. नीट रंगवायची तर इंजिन उतरवा, काचा काढा, पुढचा-मागचा अख्खा पत्रा सुटा करा. आणि विकणाऱ्याने हिरवा लपवलेला नाही, हे मला मान्य आहे. पण लाल लवकर विकली जाते म्हणून लाल केली असेल, तर ते गाडीसाठी नाही, गिऱ्हाइकासाठी केलंय.

पाना_नंबर_१०: रंगाचं तुम्ही बघा, मी तेलाबद्दल बोलतो. मिउराचं १२ सिलिंडरचं ३९२९ सीसी इंजिन सीटच्या मागे आडवं बसवलंय. जागा वाचवायला गिअरबॉक्स त्याच कास्टिंगमध्ये (ओतीव सांगाड्यात) घेतला आणि दोघांना तेल एकच. म्हणजे गिअरचे दात झिजले की तो चुरा त्याच तेलातून फिरणार, आणि तेच तेल बेअरिंगला. कंपनीला हे कळलं होतं. १९७१ ला आलेल्या एसव्ही या मिउराच्या पुढच्या मॉडेलच्या शेवटच्या गाड्यांत तिनेच दोन्ही तेलं वेगळी केली. मग जुन्या एसमध्ये तसं करून घेणाऱ्याला नावं का ठेवायची? धागाकर्ते, तुमच्या नियमाने गेलं तर दोषही जसाच्या तसा जपायला लागेल.

धूळ_राहू_द्या: मी तर म्हणते, रिस्टोअरच का करायची? जपानमध्ये एक ॲल्युमिनियम बॉडीची फेरारी डेटोना जवळपास ४० वर्षं धूळ खात पडली होती. २०१७ मध्ये फेरारीच्या गावी, मारानेल्लोला झालेल्या लिलावात ती धुळीसकट १८ लाख युरोंना गेली. ओरिजिनल रंग एकदाच असतो. खरवडला की गेला.

पाना_नंबर_१०: ताई, बघायला ठेवायची असेल तर ठीक. पण मिउराचे कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणारे भाग, इंजिनच्या वरच आहेत. पन्नास वर्षांची रबरी नळी तडकून पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकलं की गाडी पेटते. कितीतरी मिउरा अशाच जळाल्यात. चालवायची असेल तर नळ्या, सील बदलायलाच हवेत.

कुर्ल्याची_पद्मिनी: माझी गाडी मिउराच्या पासंगालाही पुरणार नाही, पण मूळ घराणं इटालियनच, फियाट ११०० चं. वडिलांची प्रीमियर पद्मिनी, आम्हाला आठवते तशी निळी. रंगाला दिली तेव्हा गॅरेजवाल्याने दाराच्या बिजागरीपाशी पॉलिश पेपर मारला. निळ्याखाली राखाडी प्रायमर, त्याखाली लांबी (पुट्टी), आणि सगळ्यात खाली नखाएवढा क्रीम रंग. आईला दाखवला तर म्हणाली, "अगं, लग्नानंतर पहिल्यांदा जेजुरीला गेलो तेव्हा हाच होता." आम्ही क्रीम केली. भाऊ अजून नाराज आहे, त्याच्या लहानपणीची गाडी निळी होती ना! त्याचंही चुकीचं नाही. मिउरा लाल असताना कोणी वीस वर्षं चालवली असेल तर? मग लाल हासुद्धा तिचा इतिहासच.

धागाकर्ता: वीस वर्षं लाल चालली असती तर मी हा धागा काढलाच नसता. वर्णनात स्पष्ट आहे, लाल आत्ताच्या रिस्टोरेशनमध्ये झाली. तेलाबाबत मात्र पानावाल्यांचं मान्य; ते वाक्य मागे घेतो. फक्त जुने भाग फेकून न देता गाडीबरोबर खोक्यात द्यावेत.

रंगीला: मग हिरव्याचा एक तुकडाही त्याच खोक्यात द्या. मी लालच घेईन.