मदत हवी आहे: पॅराशूट ड्राय फ्लाय पाण्यावर कलंडते

नमस्कार मंडळी, ट्राउट माशासाठी मेफ्लाय या किड्याच्या ड्राय फ्लाय (हुकवर पिसं-दोरा बांधून केलेले, पाण्यावर तरंगणारे नकली किडे) बांधायला शिकतोय, सध्या १४ नंबरच्या हुकवर पॅराशूट अ‍ॅडम्स नावाची फ्लाय चाललीये आणि दोन ठिकाणी अडलोय. पोस्टभोवती (पंखाच्या जागी उभा केलेला झुपका) हॅकलचे, म्हणजे पिसाचे, चार-पाच वेढे घेतो, प्रत्येक वेढा आधीच्या खाली, तिथपर्यंत मस्त दिसतं, पण शेवटी हुकच्या डोळ्यामागे व्हिप फिनिश (दोरा बंद करायची गाठ) मारायला गेलो की हॅकलचे दोन-तीन केस दोऱ्याखाली दाबले जातात आणि हुकचा डोळाच बुजतो, मग टिपेट (फ्लाय बांधायची बारीक दोरी) ओवणार कसं? काहीजण शेवटची गाठ पोस्टवरच, हॅकलच्या खाली मारतात, ते १६-१८ नंबरच्या आणखी बारीक हुकवर पण जमतं का?

दुसरं, पाण्याच्या वाडग्यात सोडून बघितली तर दहातल्या सहा वेळा एका कुशीवर पडते. खरी मेफ्लाय कशी पंख उभे करून शिडाच्या होडीसारखी तरंगते, किती सुंदर दिसतं ते, तसं बसायला हवं. शेपटी हुकच्या दांडीएवढी लांब आहे, हॅकलचे केस हुकच्या गॅपच्या (टोक आणि दांडीमधलं अंतर) दीडपट, म्हणजे मापात चूक नसावी. भिंगातून बघितलं तर शेपटीचे केस एका जुडग्यात चिकटलेत, पसरलेलेच नाहीत, आणि पोस्ट पण जरा उंच वाटतोय. शेपटीच्या बुडाशी डबिंगचा (दोऱ्यावर पिळायचे मऊ तंतू) बारीक गोळा करून केस दोन्हीकडे फाकवू, का आधी पोस्ट कापून बघू?

ज्यांनी भरपूर बांधल्यात त्यांनी प्लीज सांगा, हॅकल बांधतानाचा जवळून काढलेला फोटो असेल तर फारच बरं.