बाबासाहेब कुठे मोठे दिसतात, लंडनच्या घरात की परळच्या चाळीत?

परळकर: भाच्याने लंडनहून 10, किंग हेन्रीज रोडचे फोटो पाठवले. बाबासाहेब 1921-22 मध्ये तिथे राहिले, आणि 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने तीस कोटींच्या वर मोजून ते घर घेतलं. भिंतींवर फोटो, वचनं, नीट घातलेला बेड, सगळं टापटीप. पण जो माणूस तिथे अर्धपोटी राहून अभ्यास करायचा, रात्री भूक लागली की पापड भाजून खायचा, तो कुठे दिसतच नाही हो! त्यापेक्षा आमच्या पोयबावडीच्या बीआयटी चाळीत या. दुसरा मजला, 50 आणि 51 नंबर. 1912 ते 1934, बावीस वर्षं ते तिथे राहिले, शाहू महाराज त्यांना भेटायला त्याच जिन्याने वर आले. त्या खोलीचा आकार बघितला की माणूस काय होता ते आपोआप कळतं. माझं म्हणणं, बंगल्याने उंची झाकली जाते.

निळी_पाखर: दादा, राग मानू नका पण हे नेहमीचंच आहे, आमच्या माणसाचं मोठेपण सांगायला तुम्हाला गरिबीच लागते. नेहरूंचं आनंद भवन बघून कोणी म्हणतं का की घर फार मोठं आहे बुवा, उंची झाकली गेली? ज्या पोराला शाळेत बसायला गोणपाट घरून न्यावं लागायचं, त्याच्या नावाची पाटी लंडनच्या भारी वस्तीत लागते, हा मान नाही तर काय? तसबिरीतल्या निळ्या सुटाचंही तेच. माझ्या आजीने दीक्षाभूमीवरून आणलेली तसबीर अजून आमच्या बाहेरच्या खोलीत आहे, टाय, खिशाला पेन, चष्मा. आजीला अक्षर ओळख नव्हती पण पोरींना त्या तसबिरीखालीच अभ्यासाला बसवायची. तिला काय शिकवायचं होतं ते त्या सुटातच होतं.

परळकर: सुटाला माझा विरोध कुठे आहे? मी त्या एकाच पोझबद्दल बोलतोय. हातात संविधान, बोट पुढे, चेहरा कडक. कोलंबियातला तरुण भीमराव, रमाईंबरोबरचा कुटुंबाचा फोटो, म्हातारपणी थकलेला चेहरा, हे चौकात कधी दिसतं का? सगळा माणूस एका बोटावर आणून ठेवलाय.

दादरचा_जोशी: चौकातला पुतळा लांबून ओळखू यायला नको का, तिथे बारकावे कोण बघणार.

ग्रंथकिडा: तुम्ही दोघं लंडन-परळ करताय आणि मध्ये दादर राहिलं. हिंदू कॉलनीतलं राजगृह! प्राचीन मगधाच्या राजधानीचं नाव घराला दिलं, आणि बांधलं मुख्यतः पुस्तकांसाठी. चार मिनार नावाची दुसरी इमारत त्यांनी पुढे विकली, कर्ज आणि पुस्तकं यापायी. आता मला सांगा, कुठल्या राजाने आपला महाल ग्रंथांसाठी बांधला? खाली तळमजल्यावर त्यांच्या वस्तू बघता येतात, आणि वर घरचे लोक राहतात, म्हणून ते अजून घर वाटतं. आणि तसबिरीचं म्हणाल तर संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये झेबा अमरोहवींनी काढलेलं तैलचित्र लागलं ते 12 एप्रिल 1990 ला. बाबासाहेबांना जाऊन 33 वर्षं झाली होती, भारतरत्नही त्याच वर्षी. तोवर आजींच्या भिंतीवरच्या तसबिरीनेच काम चालवलं, सरकारी भिंतीने नाही. त्यामुळे छापील तसबिरीला नावं ठेवायच्या आधी जरा विचार करा.

परळकर: राजगृहाचं पटलं, तिथे माणूस आणि काम दोन्ही दिसतं. मग चाळीतही तेच करा ना! स्मारकाची घोषणा झालीय. माझी भीती एवढीच की ग्रॅनाइट, कारंजं, लाइट अँड साऊंड शो करून ती खोली ओळखूच येणार नाही.

निळी_पाखर: खोली जशी आहे तशी ठेवा म्हणणारे तिथे राहत नाहीत, हे पण लिहा की. सार्वजनिक संडास, शेजाऱ्यांची भांडणं, यात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना तिथे मार्बल लागला तर आनंदच होईल. आधी तिथल्या कुटुंबांना त्याच एरियात चांगली घरं द्या, मग ठरवा खोलीत चूल मांडायची की कारंजं लावायचं.

परळकर: घरं द्याच, त्याला कोण नाही म्हणतं. पण कारंजं नको म्हणजे नको.