झेनॉन वायू: भाऊ आयसीयूत असलेल्या दादांना
एका दादांनी विचारलंय, नाशिकच्या द्वारका चौकातल्या अपघातात डोक्याला मार लागलेल्या भावाला झेनॉन मिळाला असता तर? दादा, मनाला लावून घेऊ नका. इजेनंतर मेंदूत ग्लुटामेट हे रसायन बेसुमार सुटतं, पेशींत कॅल्शियम घुसून त्या मरतात. झेनॉन ती वाट अडवतो, हे खरं. फिनलंडमध्ये हृदय बंद पडलेल्या ११० रुग्णांच्या चाचणीत (२०१६) शरीर थंड ठेवण्याच्या उपचारासोबत २४ तास झेनॉन दिलेल्यांच्या मेंदूत पांढऱ्या भागाची (मज्जातंतूंच्या जाळ्याची) हानी कमी दिसली, पण मृत्यूंत ठोस फरक नव्हता. डोक्याच्या मारावर तो नेहमीचा उपचार नाहीच, नाशकात काय नि मुंबईत काय. ऑक्सिजन आणि बीपी पडू न देणं, हे फार मोलाचं. आम्ही आयसीयूत उशाकडची बाजू ३० अंश उचलतो, मान सरळ ठेवतो, श्वासाची ट्यूब बांधलेली पट्टी गळ्याला काचत नाही ना बघतो. कारण डोक्यातलं रक्त शिरांतून नीट खाली उतरायला हवं. भावाचं हे सगळं होतंय का, सिस्टरना बिनधास्त विचारा.