मदत हवी आहे: आंबाडोंगरचा कार्बोनेटाइट कशामुळे, रिफ्ट की प्लूम?

नमस्कार मंडळी, ठाण्यात राहतो, एमएस्सी जिऑलॉजी चालू आहे, सेमिनारला कार्बोनेटाइट (मॅग्मा म्हणजे वितळलेल्या खडकापासून बनलेला कार्बोनेटचा खडक) घेतलाय. आपल्याकडे येऊर म्हणा पारसिक म्हणा सगळा बेसाल्टच, त्यामुळे डोक्यात सिलिकेट (सिलिकावाला) मॅग्माच बसलाय, आणि हा खडक अर्ध्याहून जास्त कार्बोनेट खनिजांचा, तरी चुनखडी नाही. टांझानियातला ओल दोइन्यो लेंगाई हा आज असा कार्बोनेटचा लाव्हा ओकणारा एकमेव ज्वालामुखी, लाव्हा ५००-६०० अंशालाच पातळ वाहतो (बेसाल्टला ११००-१२०० लागतात!), निघतो काळपट आणि हवेतली ओल लागली की पांढरा पडतो, भन्नाट प्रकार आहे. तो पूर्व आफ्रिकेच्या रिफ्टमध्ये (भूकवच ताणून फाटतं तो पट्टा), इथवर ठीक.

अडलंय पुढे. गुजरातेतल्या छोटा उदेपूरकडचा आंबाडोंगर, तो फ्लोराइटवाला (फ्लोरिनचं खनिज), वय साधारण ६.५ कोटी वर्षं म्हणजे डेक्कन ट्रॅपच्याच (दख्खनच्या बेसाल्ट थरांच्या) काळातला, पण बसलाय नर्मदा रिफ्टच्या पट्ट्यात. मग श्रेय रियुनियन प्लूमला (मँटलमधून, म्हणजे भूकवचाखालच्या थरातून, वर येणारा गरम झोत) द्यायचं की रिफ्टला? आणि मॅग्मा मँटलमधून थेट कार्बोनेटच निघतो की वर येताना सिलिकेटपासून फुटतो? सर हमखास विचारणार, प्लीज कोणीतरी सांगा, पेपर वाचून गोंधळ वाढलाय.

नेरुळकर:
अरे दोन्ही लागतात, भांडण लावू नकोस. जुन्या जाड लिथोस्फिअरच्या (पृथ्वीच्या बाहेरच्या कडक थराच्या) बुडाशी कार्बन डायऑक्साइड मुरलेला असला की मँटल कमी तापमानाला वितळायला लागतं, तेही टक्काभरसुद्धा नाही. उष्णता प्लूमची, वाट नर्मदेच्या जुन्या भेगांची. फक्त 'खंडीय रिफ्टमध्येच सापडतो' असं स्लाइडवर टाकू नको, कॅनरी आणि केप व्हर्दे बेटांवर पण आहे, तिथेच पकडतील.

खडकवाली:
दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. आंबाडोंगरला सोबत नेफेलिनाइट, फोनोलाइट (सोडियम-पोटॅशियम म्हणजे अल्कली जास्त असलेले सिलिकेट खडक) आहेत ना, तेच पकड. एकाच मॅग्मातले कार्बोनेट आणि अल्कली सिलिकेट तेल-पाण्यासारखे वेगळे झाले असं तिथे मांडता येतं, लेंगाईलाही नेफेलिनाइट आहेच. पण राजस्थानातला नेवानिया बघ, डोलोमाइटचा (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेट), आसपास असे सोबती खडक नाहीत, तो थेट मँटलमधून आल्याचं मांडलं जातं. म्हणजे दोन्ही रस्ते भारतातच दाखवता येतील तुला.

येऊरवाला:
नेवानिया लक्षातच नव्हता, थँक्यू ताई! शेवटचं, आंबाडोंगरचं फ्लोराइट त्याच मॅग्मातून का?

खडकवाली:
नाही रे, ते नंतरच्या गरम पाण्यातून बसलंय, हायड्रोथर्मल. वेगळ्या स्लाइडवर घे.