ऑक्सिजन सेन्सर बदलूनही हीटरचा कोड परत येतो

प्रश्न:
माझ्या पेट्रोल गाडीत इंजिनचा इशारा देणारा दिवा लागतो आणि स्कॅनर पी ०१३५ हा कोड दाखवतो, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये दोष आहे. मेकॅनिकच्या सल्ल्याने नवा सेन्सर बसवला, कोड पुसला आणि तिसऱ्या दिवशी तोच कोड परत आला. सेन्सर झिर्कोनियाचा (एक प्रकारचे सिरॅमिक), चार वायरींचा आहे. गाडी चालवताना काहीच फरक जाणवत नाही. नवा सेन्सरच सदोष निघाला असे समजावे, की दोष दुसरीकडे शोधावा? माझ्याकडे साधा मल्टीमीटर आहे.

उत्तर १:
हा कोड हीटरचा नसून हीटरच्या सर्किटचा आहे, आणि या सर्किटमध्ये फ्यूज, रिले, वायरी, कनेक्टरच्या पिना, हीटर आणि त्याचे अर्थिंग चालू-बंद करणारा ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) असे सगळेच येते. मोजमाप न करता सेन्सर बदलला गेला, याचे मला वाईट वाटते. गाडी चालवताना फरक जाणवत नाही, कारण झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे काम करू लागतो आणि रस्त्यावर धुराच्या उष्णतेनेच तेवढा तापतो. हीटरची उणीव भासते ती थंड इंजिन सुरू केल्यानंतर आणि गाडी बराच वेळ जागेवर उभी असताना.

जुना सेन्सर टाकून दिला नसेल तर आधी त्याच्याच हीटरचा रोध मोजा. बहुतेक सेन्सरांत एकाच रंगाच्या दोन वायरी हीटरच्या असतात आणि थंड असताना त्यांच्यामध्ये काही ओहमच रोध मिळतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. मीटरने अनंत रोध दाखवला तर हीटर तुटलेला आहे. दोन्ही सेन्सरांचा रोध जवळपास सारखा आणि मर्यादेत निघाला, तर दोष वायरिंगकडे आहे असे धरून चाला.

त्यानंतर कनेक्टर सोडवून गाडीकडच्या बाजूला पुरवठा तपासा, मात्र केवळ मल्टीमीटरवर विसंबू नका. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. पुरवठ्याची वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट घेतो, म्हणजे हीटरइतकाच भार पडतो. बल्ब मंद लागला तर फ्यूजपासून कनेक्टरपर्यंत कुठेतरी व्होल्टेज गळते आहे. काही गाड्यांत हा पुरवठा इंजिन सुरू असतानाच मिळतो, हेही लक्षात ठेवा.

पुरवठा ठीक असेल तरच ईसीयूकडे वळा. कोड पुसून, कनेक्टर जोडून, इंजिन चालू ठेवून नियंत्रणाच्या वायरीवरील (जिच्यातून ईसीयू हीटरला अर्थिंग देतो) व्होल्टेज पाहा. थंड इंजिनात ईसीयू काही वेळ हीटर पूर्ण शक्तीने चालवत नाही, कारण एक्झॉस्टमधले पाण्याचे थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडले तर ते तडकते. म्हणून काही मिनिटे थांबा. तरीही तिथे सतत पूर्ण १२ व्होल्ट राहिले, तर अर्थिंग मिळत नाही.

उत्तर २:
वायरी एक्झॉस्टला टेकून वितळलेल्या नाहीत ना, हेही पाहावे. वायर जोडायची वेळ आली तर सेन्सरकडच्या बाजूला सोल्डर करू नये, कारण अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतूनच घेतात. पाच-सहा वायरींच्या वाइडबँड (हवा-इंधनाचे प्रमाण अधिक नेमके मोजणाऱ्या) सेन्सरच्या हीटरला बॅटरी थेट लावून पाहण्याचा प्रयोग तर कधीही करू नये.

प्रश्नकर्ता:
आज सगळे तपासले. जुन्या सेन्सरच्या हीटरचा रोध ६.२ ओहम आला, नव्याचा ६.०. कनेक्टरवर मीटर १२.३ व्होल्ट दाखवत होता, पण बल्ब जोडताच ते ७ पर्यंत उतरले. मागे मागे जात फ्यूजपर्यंत पोहोचलो, तेव्हा फ्यूजच्या खाचेतली एक पट्टी सैल होऊन काळवंडलेली आढळली. पट्टी बदलल्यावर बल्ब लख्ख लागला. कोड पुसून पाच दिवस झाले, अजून परत आलेला नाही.

उत्तर १:
छान शोधलेत. त्याच फ्यूजवर आणखी काय काय चालते तेही एकदा तपासून घ्या, आणि जुना सेन्सर जपून ठेवा. निदान त्याच्या हीटरमध्ये काहीच दोष नव्हता.