अंदमानला दिसलेला निळा, गोलागोलांचा मासा कुठला?

ठाणेकर_आई: नमस्कार मंडळी, गेल्याच आठवड्यात अंदमानहून ठाण्याला परत आलो. हॅवलॉकला एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग करताना एका कपारीत जेमतेम बोटाएवढा मासा दिसला, अंग गडद निळं म्हणजे जवळजवळ काळंच आणि त्यावर पांढरे नि चमकदार निळे गोल, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात ना तसे. पाउचमधल्या फोनने काढलेला फोटो धूसर आलाय पण लेकीने घरी आल्या आल्या बांगडी आणि बाटलीचं झाकण ठेवून चित्र काढलंय ते मस्त जमलंय. गाइड बटरफ्लायफिश म्हणाला होता पण गूगलवर तसा एकही दिसत नाही. रोज विचारते, आई नाव काय त्याचं?

खोलपाणी: बटरफ्लाय नाही हो, एंजलफिशचं पिल्लू आहे. दोन्ही चपटे म्हणून गल्लत होते, पण एंजलच्या कल्ल्याच्या झाकणाला मागे वळलेला काटा असतो, बटरफ्लायला नसतो. एकच सांगा, शेपटीजवळचा गोल पूर्ण बंद आहे की कंसासारखा उघडा? बंद असेल तर एम्परर, नुसते कंसच असतील तर सेमीसर्कल.

ठाणेकर_आई: बंद आहे! फोटोतही दिसतोय, लेक म्हणते झाकण तिथेच ठेवलं होतं.

खोलपाणी: मग एम्परर एंजलफिश, शंकाच नको. पोरीची नजर भारी आहे, भलेभले डायव्हर एवढं बघत नाहीत. आणि मोठा झाला ना की हे गोल राहतच नाहीत, निळ्या अंगावर पिवळे आडवे पट्टे येतात, डोळ्यांवर काळी पट्टी, शेपूट पिवळी, 40 सेंमीपर्यंत वाढतो. मोठे आपल्या हद्दीत दुसऱ्या मोठ्याला टिकू देत नाहीत, पिल्लाचा रंगच वेगळा म्हणून ते वाचतं असं मानतात.

ऐरोलीकर: आपल्या मालवणला याचा भाऊबंद दिसतो, ब्लू रिंग एंजल. तपकिरी-नारिंगी अंगावर वळलेल्या निळ्या रेघा, डोक्यामागे एक निळी रिंग आणि शेपूट पांढरी, ती गढूळ पाण्यातही पटकन कळते. पिल्लू निळं-पांढरंच, पण रेघा उभ्या, गोल नाहीत. दिवाळीनंतर पाणी नितळ झालं की लेकीला नक्की घेऊन जा.

ठाणेकर_आई: अहो, नवऱ्याच्या स्कूबाच्या व्हिडिओत पिवळ्या पट्ट्यांचा मोठा मासा आहे!! लेकीने तो दुसराच समजून वेगळ्या पानावर काढला होता, आता दोन्ही पानं शेजारी चिकटवलीत आणि मधली जागा मोकळी ठेवलीय. गोलांचे पट्टे होताना कसा दिसतो तो? कोणाकडे फोटो असेल तर टाका ना प्लीज.